ठिबकणारी इंजिनं

जुन्या गॅरेजमध्ये पॅकिंग कापायला कात्री लागत नसे. झाकण उघडलं, पुसून कोरडं केलं, की त्याच्या कडेवर पॅकिंगचा जाड कागद अंथरायचा आणि बॉल पीन हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत जायचं. खालच्या धातूची धार कागदात उमटते आणि कागद बरोबर त्या धारेवर तुटतो. बोल्टच्या भोकावर हातोडीचा गोल भाग टेकवून एक ठोका दिला की चकती निघून येते. ठोका जास्त जोराचा बसला तर ॲल्युमिनियमच्या कडेला खोच पडते, आणि तेल पुढे तिथूनच पाझरतं. म्हणून हे काम नव्या पोऱ्याच्या हातात लगेच देत नसत. कापलेल्या कागदाला दोन्ही बाजूंनी ग्रीसचं बोट फिरवायचं नाहीतर शेलॅकचा हात द्यायचा, झाकण बसवायचं आणि नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणायचे. एकच नट आधी पक्का केला की झाकण तिरकं बसलंच म्हणून समजा.

आता हेच काम एका ट्यूबने होतं. टूथपेस्टसारखी पिळायची, कडेवर एक रेघ ओढायची, झाकण बसवायचं. एवढ्या साध्या वस्तूमागे अडीच-तीनशे वर्षांची खटपट आहे, आणि तिच्यात किडे, कातडी, झाडाची साल आणि एक निवृत्तीला आलेला रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे.

मुळात तेल गळतं का? दोन धातूंचे सपाट भाग एकमेकांवर घट्ट आवळले तर मध्ये फट उरू नये, असं वाटतं. पण डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या भागावरही कटरच्या बारीक रेघा असतात, आणि तापून पातळ झालेलं तेल त्या रेघांतून वाट काढतं. त्यात तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 30 सेंटिमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं झाकण 80 अंशांनी तापलं तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतं, त्याखालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. इंजिन दर वेळी तापतं आणि निवतं तेव्हा ही दोन अंगं एकमेकांवर सरकतात. मध्ये जे काही भरायचं त्याने फट तर बुजवायचीच, पण हे सरकणंही सोसायचं. पुढे जेवढे उपाय निघाले ते या दोनपैकी एका परीक्षेत पास आणि दुसरीत नापास होत गेले.

वाफेच्या इंजिनापासून ही परीक्षा सुरू झाली. थॉमस न्यूकॉमेनचं इंजिन 1712 साली इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीवर चालू झालं. त्याचा सिलिंडर इतका ओबडधोबड होता की दट्ट्याला कातड्याची कड लावून वर चक्क पाणी साठवून ठेवावं लागे. फटीतून हवा आत शिरण्याऐवजी पाणी झिरपे. जेम्स वॅटला हा उपाय चालण्यासारखा नव्हता, कारण त्याला सिलिंडर सतत गरम हवा होता. तो तागाचे दोर चरबीत भिजवून दट्ट्याभोवती ठासत बसला. त्याची खरी सुटका जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्याने केली. तोफा कोरण्याच्या अनुभवातून 1774 च्या सुमारास त्याने सिलिंडर कोरण्याचं यंत्र उभं केलं. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलं आहे की त्या 50 इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. आजचा फिटर हे ऐकून हसेल. तेव्हा मात्र यामुळेच वॅटचं इंजिन चाललं.

चरबीतला दोर काही मेला नाही. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड दोरी ही त्याचीच नात. ग्लँड फार आवळली तर शाफ्ट तापतो, सैल सोडली तर पाण्याची धार लागते. म्हणून जाणता शेतकरी ती थेंब थेंब गळेल एवढीच आवळतो. गळती पूर्ण थांबवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं हे पंपवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

वाफेच्या नळांच्या न हलणाऱ्या जोडांना दोर पुरत नसे. तिथे शेंदूर लागायचा. आपल्याकडे मारुतीला तेलातून लेपतात तोच. शिशाचा हा लाल ऑक्साइड पांढऱ्या सफेद्यासोबत जवसाच्या उकळलेल्या तेलात मळून त्याची लांबी करत, ती फ्लँजवर थापत आणि बोल्ट आवळत. जवसाचं तेल हवेत सुकत जाई आणि जोड दगडासारखा होई. वाफ अडायची, पण जोड पुन्हा उघडायचा तर छिन्नीच घ्यावी लागे. शिशाचं विष कारागिराच्या अंगात जाई ते वेगळंच.

मोटारगाडीला एवढं जड काम परवडणारं नव्हतं. तिचं झाकण वरचेवर उघडावं लागतं. इथे हिंदुस्थानातली एक वस्तू कामाला आली, ती म्हणजे लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसाहत करतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच चढवतात. छोटा नागपूरच्या जंगलांत आदिवासी ती राळ खरवडून काढत. मिर्झापूर आणि कलकत्त्याकडे ती वितळवून, ताणून तिचे पातळ पापुद्रे होत आणि ते जगभर जात. गोंदिया आणि गडचिरोलीच्या जंगलांतही लाख होते. या मालाचं महत्त्व एवढं होतं की 1924 साली रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी वेगळी संस्थाच निघाली. त्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या, फर्निचरचं पॉलिश लाखेचं, आणि गॅरेजमधल्या बाटलीतलं शेलॅक हेही लाखेचंच.

लाक्षागृहाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला लाख तापत्या इंजिनावर लावणं जरा धाडसाचं वाटेल. पण दोन धातूंच्या मध्ये दबलेला पातळ थर पेट घेत नाही. लाखेचा मोठा गुण असा, की ती स्पिरिटमध्ये विरघळते, पेट्रोलमध्ये आणि खनिज तेलात नाही. स्पिरिटमध्ये पातळ केलेलं शेलॅक ब्रशने लावायचं, स्पिरिट उडून जाई आणि चिकट थर मागे राही. पुढे झाकण उघडायचं झालं की पुन्हा स्पिरिटनेच ते सोडवता येई. दोष एवढाच, की वाळल्यावर लाख ठिसूळ होते. ॲल्युमिनियम आणि बीड एकमेकांवर सरकायला लागले की तिला बारीक तडे जातात. अलीकडे स्पिरिटमध्ये विरघळण्याच्या गुणाला आणखी एक फाटा फुटला आहे. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये बुचाचे फ्लोट असत आणि त्यांवर शेलॅकचा थर असे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून तो थर सुटायला लागला, कारण इथेनॉल म्हणजे लाखेच्या दृष्टीने स्पिरिटच. उसाच्या मळीतून निघालेलं इथेनॉल पळसावरच्या लाखेला विरघळवतं, हा विंटेज गाड्यांच्या मालकांच्या डोक्याला ताप आहे.

बूच इंजिनात आलं ते पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओकच्या सालीतून. दाबलं की ते कडेने फुगत नाही, आतल्या आत बसतं. त्यामुळे पातळ पत्र्याच्या झाकणाखाली ते छान चालायचं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये बूच आणि नमदा दोन्ही होते. शिकागोची फेल-प्रो ही कंपनी 1918 साली निघाली तीच मुळी मॉडेल टीसाठी नमद्याचे वॉशर आणि पॅकिंग बनवायला. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी मॉडेल टी विकल्या गेल्या. अशा गिऱ्हाइकावर कुणाचंही दुकान चाललं असतं. बुचाची पॅकिंग दुकानात पडून वाळली की आखडायची आणि भोकं बोल्टला जुळायची नाहीत. मेकॅनिक ती थोडा वेळ पाण्यात भिजवून ठेवत, की पुन्हा मापात येई. आणि गळती थांबत नाही म्हणून बोल्ट आणखी आवळणारा हमखास फसायचा. पत्रा बोल्टपाशी खाली दबायचा, दोन बोल्टच्या मध्ये वर उचलला जायचा, आणि तेल तिथूनच यायचं. मग झाकण काढून, त्याची कड लाकडावर ठेवून हातोडीने सरळ करत बसा.

हेड गॅस्केटच्या उष्णतेपुढे बूच आणि लाख दोन्ही हरतात. तिथे तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲसबेस्टॉस आलं आणि अनेक दशकं राहिलं. त्याची धूळ फुप्फुसात काय करते हे कळेपर्यंत पिढ्या गेल्या.

इथपर्यंतचे सगळे उपाय स्थिर जोडांचे झाले. फिरत्या शाफ्टभोवती कुठलीही लाख, पेस्ट किंवा कागद टिकत नाही. त्याचा इलाज एका चामड्याच्या कारखान्यात सापडला. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात 1849 पासून फ्रॉयडेनबर्ग घराण्याची टॅनरी होती. 1929 च्या मंदीत चामड्याला उठाव राहिला नाही, तेव्हा त्यांनी त्यातून यंत्रांसाठी सील कापायला घेतली. तिथेच 1932 च्या सुमारास वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने चामड्याची ओठासारखी कड धातूच्या कड्यात बसवली. तिला मागून स्प्रिंग आवळून धरते. 1936 पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. गॅरेजमध्ये ‘ऑइल सील’ म्हणून जी वस्तू मागतात ती हीच. आजही जर्मन कारागीर तिला झिमरच्या नावानेच ओळखतात.

सगळ्यांनी मात्र ती लगेच घेतली नाही. भारतात वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या अँबॅसडरचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश, बीएमसी या मोटार कंपनीच्या 1489 सीसी घराण्यातलं. त्याच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ओठाचं सील नव्हतंच. शाफ्टवर उलट्या आट्यांची चर कोरलेली असे. शाफ्ट फिरत असताना ती चर तेलाला स्क्रूसारखं मागे ओढून इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये ढकलायची. इंजिन बंद झालं की ओढणारं कुणी उरत नसे. म्हणजे गाडी चालताना कोरडी आणि उभी राहिली की ठिबकणारी, आणि हा बिघाड नव्हता, रचनाच तशी होती. चेंबरची पॅकिंग बदलून, वर पेस्ट थापून ही गळती थांबवायला निघालेल्या किती मालकांचे पैसे गेले असतील कोण जाणे.

बुलेट मोटरसायकलचं दुखणं वेगळं. 1955 साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली ती इंग्लंडमधल्या रेडिचच्या आराखड्यावरून. 70 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 90 मिलिमीटर खाली-वर होतो, आणि खाली येताना दर वेळी 346 सीसी हवा क्रँककेसमध्ये दाबतो. ही हवा बाहेर जायला एक ब्रीदर असतो. त्याच्या तोंडाची रबरी चोच कडक झाली किंवा नळी चोंदली की दाब दुसरी वाट शोधतो. कधी टॅपेट कव्हर, कधी पुशरॉडच्या बाजूचा जोड, कधी क्रँककेसच्या दोन उभ्या फाकांमधली शीव. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर तर मध्यभागी एकाच नटावर बसवलेलं. गळतंय म्हणून तो नट ताणून आवळला की कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. बुलेटखाली तेल दिसलं नाही तर तेल संपलंय असं समजावं, हा विनोद रेडिचपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडे सारख्याच अभिमानाने सांगितला जातो. गळतीचा अभिमान बाळगणारे गिऱ्हाईक कंपनीला क्वचितच मिळतात. 2008-09 च्या सुमारास नवं ॲल्युमिनियमचं इंजिन आलं आणि विनोदातली हवा गेली.

ब्रिटिश इंजिनं गळत ती क्रँककेस उभी फाकवल्यामुळे, असं बरेच जण सांगतात. होंडाने 1969 च्या सीबी 750 मध्ये ती आडवी फाकवली आणि शीव तेलाच्या पातळीच्या वर नेली, हेही खरं. पण 1985 मध्ये भारतात आलेली हिरो होंडा सीडी 100 उभ्याच फाकांची होती आणि तरी कोरडी. फरक फाकवण्यापेक्षा कापण्यात होता. जपानी कारखान्यांत जोडाचे चेहरे इतके सरळ निघत, की साध्या कागदी पॅकिंगला बुजवायला फारसं काही उरतच नसे. विल्किन्सनने वॅटसाठी जे केलं तेच पुन्हा, फक्त शिलिंगच्या जाडीऐवजी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात.

दाबाचा प्रश्न मात्र भलत्याच कारणाने सुटला. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा क्रँककेसमधली वाफ रस्त्यावर सोडण्याऐवजी पुन्हा इंजिनात खेचून जाळायची सक्ती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. त्यासाठीच्या छोट्या व्हॉल्व्हमुळे क्रँककेसमध्ये किंचित ओढ राहू लागली. हवा शुद्ध करायला निघालेल्या कायद्याने मोटारींखालचे डागही कमी केले. तो व्हॉल्व्ह काजळीने चोंदला की गळती परत येते, आणि मग महागातली महाग पेस्टही कामाची नसते.

एवढ्यात प्रयोगशाळांमधून वेगळीच रसायनं निघाली होती. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये असा एक द्रव सापडला, की हवा लागत असेपर्यंत तो पातळ राही आणि हवा तुटली की घट्ट होई. वस्तू अजब, पण विकायची कशी? साठवताना तिच्यात सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावं लागे. कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांचा मुलगा रॉबर्ट याच कंपनीत होता. सत्तरीकडे झुकलेल्या क्रीबल यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यावर काम केलं आणि 1953 मध्ये बुडबुड्यांशिवाय टिकणारं मिश्रण काढलं. दोन पक्क्या आवळलेल्या धातूंच्या मध्ये हवा पोचत नाही, वर लोखंड-तांब्याचे कण त्या क्रियेला हातभार लावतात, त्यामुळे ते नेमकं आट्यांमध्येच कडक होई. त्यांची सून, म्हणजे रॉबर्टची पत्नी नॅन्सी, हिने त्याचं नाव ठेवलं लॉक्टाइट. या द्रवाची बाटली हवा आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकची असते आणि काठोकाठ कधीच भरलेली नसते. गिऱ्हाइकाला वाटतं कंपनीने माल कमी भरला. खरं तर वरची ती मोकळी हवाच आतल्या मालाला जिवंत ठेवते. तिची मर्यादा म्हणजे फट अगदी बारीक हवी. वाकड्या पत्र्याच्या झाकणाला ती पुरत नाही.

तिथे सिलिकॉन आलं. युजीन रोशो याने 1940 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये सिलिकॉनचा कच्चा माल स्वस्तात बनवायची पद्धत काढली आणि पुढे खोलीच्या तापमानाला, हवेतला ओलावा शोषून रबर होणारी पेस्ट तयार झाली. 1970 च्या दशकापासून अमेरिकन कारखाने बुचाच्या जागी तीच वापरू लागले. ती रबरासारखी ताणते, म्हणून ॲल्युमिनियम-बिडाची ओढाताण सोसते. लाखेला जे जमलं नाही ते हिला जमलं. सुरुवातीच्या सिलिकॉनला व्हिनेगरचा आंबट वास येई, कारण सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटे आणि ते तांब्याला खाई. नंतरच्या प्रकारांत ते बदललं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आल्यावर आणखी एक भानगड कळली. सिलिकॉनची वाफ इंजिनात ओढली गेली तर त्या सेन्सरवर थर चढून तो आंधळा होतो. म्हणून ‘सेन्सर सेफ’ ट्यूब निघाल्या.

भारतीय गॅरेजमध्ये या पेस्टने मुक्काम केला तो ॲनाबॉन्डच्या रूपात. चेन्नईच्या या कंपनीचं नाव इतकं रुळलं, की कुठलीही ट्यूब हवी असली तरी पोऱ्याला ‘ॲनाबॉन्ड आण’ असंच सांगतात. दगड लागून फुटलेल्या चेंबरसाठी एम-सील ठरलेलं. दोन रंगांचा हा गोळा मळून थापायचा. महिंद्रांच्या घरातलं हे उत्पादन 2000 साली मुंबईच्याच पिडिलाइटकडे गेलं. आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर पेट्रोलच्या टाकीच्या चिरेवर धुण्याचा साबण घासायचा, ही युक्ती घाटातल्या ट्रकवाल्यांना कुणी शिकवावी लागत नाही. पेट्रोल साबणाला विरघळवत नाही, तेवढ्यावर गाव गाठता येतं.

ट्यूब आली तशी उतावीळही आली. तेल जिथे ठिबकतं तिथून ते गळत असतंच असं नाही. वरून ओघळत, वाऱ्याने मागे ढकललं जात ते सगळ्यात खालच्या बोल्टपाशी जमतं. जुने मेकॅनिक आधी इंजिन धुऊन कोरडं करतात, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरतात आणि इंजिन चालू ठेवतात. पावडरीत पहिली ओली रेघ जिथे उमटते ती खरी जागा. मग जुना थर खरवडायचा, कड तेलमुक्त करायची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची न तुटणारी रेघ ओढायची आणि ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने वळवायची. झाकण आधी हाताने बसवायचं, थोडं थांबायचं, मग पान्याने आवळायचं. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आत सुकत जातं, तेही हवेत ओलावा असेल तर. कोकणातल्या श्रावणात ते लवकर घट्ट होतं, विदर्भातल्या वैशाखात रेंगाळतं. घाईत तेल भरून गाडी चालू केली की सगळी मेहनत तेलात जाते.

जास्तीचं सिलिकॉन तर त्याहून वाईट. झाकणाच्या बाहेर ओघळलेला थर दिसतो तेवढाच आतही ओघळलेला असतो. त्याचे धागे सुटून चेंबरमध्ये पडतात, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि बेअरिंगला तेल पोचणं बंद होतं. थेंबभर गळणाऱ्या गाडीचं इंजिन जाम व्हायला ही शंभर रुपयांची माया पुरते.

नव्या गाड्यांच्या कारखान्यांत हे काम यंत्राचा हात करतो. अनेक इंजिनांच्या चेंबरला आता कागदी पॅकिंग येतच नाही. ओढलेली रेघ हीच पॅकिंग. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत मात्र वाद चालू आहे. बीएमसीच्या जुन्या इंजिनांच्या मागच्या टोकाला ओठाचं सील बसवायचे संच बाजारात मिळतात. काही जण शाफ्टवर काम करून ते बसवून घेतात. काही जण म्हणतात, उलट्या आट्यांची ती चर हीच या इंजिनाची ओळख, तिला हात लावायचा नाही. ते दर रविवारी गाडीखालचा पुठ्ठा बदलतात आणि डिपस्टिक पाहून अर्धा लिटर तेल ओततात.